पुढच्या गुरुवारी, याच खोलीत

ऑगस्ट १९४५मध्ये तेरेझिनच्या छळछावणीतून वाचलेली काही ज्यू मुलं विमानाने इंग्लंडला पोचली. त्यांत तीन-चार वर्षांची सहा मुलं होती, तीन मुलगे आणि तीन मुली. आईबाप नाझींनी मारलेले. तान्ही असतानाच ती वेगवेगळ्या वाटांनी छावणीत येऊन पडली होती आणि तिथल्या बिनआईच्या मुलांच्या कक्षात एकत्र वाढली होती. त्यांना सांभाळणाऱ्या बायका सतत बदलत राहिल्या, कारण त्याही कैदीच होत्या आणि त्यांचीही पुढे रवानगी होत होती. ऑक्टोबरमध्ये या सहा जणांना ससेक्स परगण्यातल्या बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात ठेवण्यात आलं. सोफी आणि गर्ट्रूड डान या निर्वासित बहिणी तिथे त्यांच्यासोबत राहिल्या. वर्षभराच्या नोंदींवरून अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डान यांनी लिहिलेला निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला.

या मुलांना मोठ्या माणसांविषयी कसलंच प्रेम नव्हतं. त्यांनी नवी खेळणी मोडली. ती सांभाळणाऱ्यांना मारत, चावत, अंगावर थुंकत. एकमेकांशी मात्र त्यांचं वागणं अगदी निराळं होतं. खाण्याची वस्तू हातात आली की आधी शेजारच्याला मिळाली का ते बघायचं. फिरायला गेल्यावर कुणी मागे पडला तर बाकीच्यांनी थांबायचं, खड्डा आला तर हात द्यायचा. एकाला थोडा वेळ जरी वेगळं ठेवलं तरी तो आणि उरलेले पाच, सगळेच बेचैन होत. बरोबरीच्या भावंडांत असतो तसा हेवा त्यांच्यात जवळपास नव्हताच. पुढे मोठ्यांशी त्यांची नाती जुळू लागली, तेव्हा कुठे हेवा आणि चढाओढ दिसू लागली. मुलं चिडखोर होती, अस्वस्थ होती, सांभाळायला अतिशय कठीण होती. तरी माया करण्याची त्यांची क्षमता मेलेली नव्हती, असा निष्कर्ष फ्रॉइड आणि डान यांनी काढला. मोठं माणूस टिकत नव्हतं, म्हणून त्या मुलांनी आपली माया सोबत्यांवर ठेवली होती.

हे पुस्तक तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींच्या गटोपचाराविषयी आहे, तरी त्याची सुरुवात मी या सहा जणांपासून करतो आहे. आपल्याकडे ‘ग्रुप’ म्हटलं की ती अडचणीतली सोय समजली जाते. समुपदेशक एक, मुलं साठ, म्हणून सगळ्यांना एकत्र बसवा. बुलडॉग्ज बँकेतली मुलं वेगळंच सांगतात. काही मुलांसाठी सोबत्यांचा गट हाच पहिला भरवशाचा आधार असतो, आणि मोठ्या माणसापर्यंत जाणारा रस्ता त्या गटातून जातो. माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर, ज्या मुलाचा मोठ्यांवरचा विश्वास लहानपणीच मोडला त्याला बोलतं करणं हे ग्रुपचं पहिलं काम नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खोलीत, तीच माणसं पुन्हा जमतात हा अनुभव त्याला देणं, हे पहिलं काम. बोलणं मागून येतं. काही मुलांच्या बाबतीत ते फारसं येतही नाही, आणि तरी त्यांना फायदा होतो.

मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या भावबंधाचा, म्हणजे मानसशास्त्रात ज्याला अटॅचमेंट म्हणतात त्याचा, पद्धतशीर विचार जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने सुरू केला. १९४४ साली त्याने चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली १४ मुलं कुणाविषयीच माया न वाटणारी, कोरडी अशी त्याला दिसली, आणि त्या १४पैकी १२ जण अगदी लहान वयात आईपासून दीर्घकाळ दुरावले होते. १९५१मध्ये त्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्या अहवालाने अनाथालयं आणि रुग्णालयातले बालविभाग यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पण त्यातून आणखी एक गोष्ट पसरली. मुलाचं काही बिघडलं की बोट आईकडे जाऊ लागलं. मायकेल रटर यांनी १९७२च्या पुस्तकात या समजुतीची कसून तपासणी केली आणि ताटातूट, मायेचा अभाव, घरातली भांडणं, संस्थेतलं कोरडं संगोपन हे सगळं एकाच नावाखाली कोंबू नका असं बजावलं. त्याआधी १९६४मध्ये ग्लासगोतल्या ६० बाळांच्या अभ्यासात शॅफर आणि इमर्सन यांना दिसलं होतं की दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडलेला असतो. आजी, मोठी बहीण, काकू यांच्या कडेवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच एक इशारा इथेच देऊन ठेवतो. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातले आईबाप पाच-सहा महिने कारखान्यांच्या फडांवर जातात आणि मुलं गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ही ताटातूट खरी आहे आणि तिचं दुःखही खरं आहे. पण ज्या मुलाची आजी भक्कम आहे, ज्याला आईबाप कधी परतणार हे ठाऊक आहे आणि जे दरवर्षी खरंच परततात, त्याचा भावबंध मोडलेला असेलच असं नाही. अशा मुलाला शाळा, जेवण आणि फोनवर आईचा आवाज यांची गरज असते. त्याच्यावर निदानाचा शिक्का मारून त्याला उपचाराला बसवणं हा अन्याय आहे.

शिक्क्याबद्दल आणखी थोडं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत भावबंधाशी थेट संबंधित असे दोन विकार दिले आहेत. एकात मूल दुःखात असूनही कुणाकडे आधार मागत नाही, दिला तरी घेत नाही. दुसऱ्यात ते कुठल्याही परक्याकडे निःसंकोच जातं. दोन्ही निदानांसाठी बालपणी टोकाची हेळसांड झालेली असावी लागते आणि दोन्ही विरळ आहेत. पुढच्या पानांत भेटणारी बहुतेक मुलं या चौकटीत बसत नाहीत. त्यांना जवळीक अवघड जाते, एवढंच नेमकेपणाने म्हणता येतं.

दुसऱ्या प्रकारच्या वागण्याची छाया मात्र आपल्या बालगृहांत पाहायला मिळते. पाहुणे येतात, वाढदिवसाचा केक कापतात, आणि चार वर्षांची पोर त्यांच्या मांडीवर जाऊन बसते, ‘दीदी, परत कधी येणार?’ म्हणून हात सोडत नाही. पाहुण्यांना भरून येतं. मुलं किती प्रेमळ आहेत, असं ते अधीक्षकांना सांगतात. प्रत्येक अनोळखी माणसाला असं बिलगणं हे लाडक्या मुलाचं लक्षण नसतं. ज्याला आपलं माणूस आहे ते मूल परक्यापुढे आधी आपल्या माणसाच्या मागे लपतं. ती दीदी बहुधा परत येत नाही. तिच्यामागून दुसरी येते. हीच पोर चौदा वर्षांची होते तेव्हा तिने शेकडो निरोप पचवलेले असतात, आणि आता आपल्या ग्रुपमध्ये ती म्हणते, ‘तुम्ही पण जाणारच ना.’ तिचं हे गणित तिच्या आयुष्यात आजवर बरोबर आलेलं आहे. ते चुकीचं ठरवायला समजावणी उपयोगी पडत नाही.

मेरी एन्सवर्थने १९५०च्या दशकात युगांडात कंपालाजवळच्या घरांत बसून आया आणि बाळं यांचं निरीक्षण केलं आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्या कामातून भावबंधांचं वर्गीकरण उभं केलं. सुरक्षित, टाळणारा, आणि चिकटूनही समाधान न होणारा. मेरी मेन आणि जुडिथ सॉलोमन यांनी पुढे त्यात विस्कळीत हा चौथा प्रकार घातला. पुस्तकात यावर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे फक्त ते खोलीत कसं दिसतं तेवढं सांगतो. टाळणारा मुलगा दाराजवळची खुर्ची पकडतो, विनोद करतो, दुसऱ्याला रडू आलं की पाणी प्यायला उठतो. त्याला विचारलं तर सगळं मस्त चाललेलं असतं. चिकटणारी मुलगी ग्रुप घेणाऱ्या ताईशेजारचीच जागा हवी म्हणून भांडते, आणि ग्रुप संपता संपता तिला नेमकी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आठवते, म्हणजे आणखी दहा मिनिटं मिळतात. विस्कळीत भावबंधाचा मुलगा सगळ्यांत दमवणारा. मागच्या वेळी तो मन मोकळं करून गेला असेल, तर या वेळी तो शिव्या देत येतो. ज्याच्याकडून आधार मिळायचा त्याच्याचकडून मार खाल्लेल्या मुलाला जवळ येणं हाच धोका वाटतो. या सगळ्यांना एकाच वर्तुळात बसवायचं म्हणजे एकाची गरज ही दुसऱ्याची भीती असते. ग्रुप अवघड होतो तो इथे, आणि कामाचाही इथेच होतो.

बुखारेस्टमधल्या संशोधनाचा दाखला या क्षेत्रात वारंवार दिला जातो, आणि बरेचदा चुकीचा. चाउशेस्कूच्या राजवटीत १९६६पासून गर्भपातावर बंदी आली आणि रोमानियातली अनाथालयं मुलांनी भरून गेली. २०००च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी तिथल्या संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत पाठवलं, निम्म्यांची व्यवस्था होती तशी राहिली. कुटुंबात गेलेल्यांचे भावबंध सुधारले, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचे अधिक चांगले सुधारले. एवढं वाचून काही जण म्हणतात की दोन वर्षांनंतर दार बंद. त्याच संशोधनाचा पुढचा भागही वाचायला हवा. मुलं बारा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांचं पालक कुटुंब मध्येच बदललं नव्हतं त्यांची मानसिक स्थिती बदललेल्यांपेक्षा बरी होती. टिकून राहणाऱ्या माणसांचं मोल दोन वर्षांच्या मर्यादेनंतरही संपत नाही.

मुलांसाठीच्या गटोपचाराचा जन्म याच तऱ्हेच्या मुलांबरोबर झाला असं म्हटलं तरी चालेल. १९३४मध्ये न्यू यॉर्कमध्ये सॅम्युअल स्लावसन यांनी मुलांचे छोटे गट सुरू केले. खोलीत लाकूड, हत्यारं, रंग, माती. मुलांनी हवं ते करावं. उपचारकाने फार बोलू नये, उपदेश तर मुळीच करू नये. शेवटी सगळ्यांनी एकत्र खायचं. हा खाण्याचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. बालगृहातल्या मुलांच्या ग्रुपमध्ये बिस्किटांचा पुडा मधे ठेवला की पहिल्या आठवड्यांत झडप पडते, कुणी खिशात भरतं, कुणी आपल्याला नकोच म्हणतं. काही महिन्यांनी एखादा मुलगा न सांगता मोजून वाटू लागतो आणि न आलेल्या मुलाची दोन बिस्किटं कागदात बांधून ठेवतो. त्या ग्रुपमध्ये काय घडलं हे कळायला वेगळी चाचणी लागत नाही. मराठी वाचकाला गटाची ताकद परिचयाची आहे ती मुख्यतः व्यसनमुक्तीच्या कामामुळे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांमध्ये माणसं एकमेकांच्या तोंडून आपली गोष्ट ऐकतात आणि एकटेपण सैल होतं. किशोरवयीन मुलांना मात्र थेट ‘शेअर कर’ म्हणून बसवता येत नाही. त्यांच्या हाताला आधी काहीतरी काम लागतं.

आता नियमितपणाकडे येतो, कारण पुस्तकाचा बराचसा भाग त्याच्यावरच आहे. सहा ते आठ मुलं, दोन ग्रुप घेणारी माणसं, आठवड्यातून एकदा, तास-सव्वा तास. हे सगळे सांगतात. फारसं सांगितलं जात नाही ते असं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कुणीतरी मुद्दाम येत नाही. आवारातच असतो, खिडकीतून दिसतोही. त्याला ओढून आणायचं नाही आणि त्याची खुर्ची उचलायचीही नाही. पुढच्या वेळी तो आला की कारण विचारायच्या आधी एवढंच म्हणायचं, ‘मागच्या गुरुवारी तुझी खुर्ची ठेवली होती.’ आपण नसतानाही कुणाच्या तरी मनात आपण होतो, ही गोष्ट या मुलांपैकी अनेकांना पहिल्यांदाच कळते. ताईला रजा घ्यायची असेल तर दोन आठवडे आधी तारखांसकट सांगायचं, आणि सांगितलेल्या दिवशी परतायचं. त्या मधल्या गुरुवारी ग्रुप रद्द न करता दुसऱ्या सहकाऱ्याने घ्यायचा. संस्थेत कार्यक्रम आहे, पाहुणे आलेत, खोली हवी आहे, अशी कारणं येतातच. त्या वेळी खोलीसाठी अधीक्षकांशी भांडणं हाही उपचाराचा भाग आहे, आणि मुलं ते भांडण दाराआडून ऐकत असतात.

ग्रुपमध्ये दुखावणं होणारच. ताई एखाद्याचं नाव विसरते, दादा एकाला गप्प करतो आणि दुसऱ्याला करत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि बाळांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या तेव्हा दिसलं की निरोगी जोड्यांचेही सूर बराच वेळ जुळत नाहीत. ते तुटतात आणि पुन्हा जुळतात, आणि या पुन्हा जुळण्यातून बाळाचा भरवसा तयार होतो. संस्थेत वाढलेल्या मुलाने तुटणं भरपूर पाहिलेलं असतं, जुळणं क्वचित. म्हणून ‘मागच्या वेळी मी तुझ्यावर ओरडले, ते बरोबर नव्हतं’ हे वाक्य सगळ्यांसमोर, स्पष्ट, कारणांची शेपटी न जोडता म्हणायला हवं.

आणि काही वाक्यं मोठ्यांनी म्हणायचीच नसतात. दिवाळीला आई न्यायला येणार म्हणून महिनाभर सांगत असलेल्या मुलाला शेजारचा मुलगा खाली बघत म्हणतो, ‘माझी पण असंच म्हणायची रे.’ समुपदेशकाने हेच म्हटलं असतं तर मुलगा उठून गेला असता. सोबत्याकडून ते ऐकू येतं, कारण बोलणाऱ्यानेही ते भोगलेलं असतं. एकेकट्या भेटीत हे होऊ शकत नाही. ग्रुप का घ्यायचा याचं माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं कारण.

सोबत्यांची हीच ताकद उलटीही फिरते. टॉमस डिशन, जोन मकॉर्ड आणि फ्रान्स्वा पूलँ यांनी १९९९मध्ये दाखवून दिलं की वर्तनाच्या अडचणी असलेल्या किशोरांना एकत्र आणणाऱ्या काही उपक्रमांनी मुलांचं नुकसान केलं. एका उपक्रमात मुलांच्या गटांनंतर धूम्रपान आणि बेशिस्त वाढली. मॅसॅच्युसेट्समधल्या जुन्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात ज्या मुलांना एकाहून अधिक उन्हाळी शिबिरांना पाठवलं, त्यांचं पुढचं आयुष्य मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा वाईट गेलं. मुलगा मारामारीची फुशारकी सांगतो, बाकीचे हसतात, आणि ते हसू हेच बक्षीस ठरतं. निरीक्षणगृहातल्या, अजूनही ज्याला रिमांड होम म्हणतात तिथल्या, दहा मोठ्या मुलांना एका थकलेल्या कर्मचाऱ्यासमोर बसवून त्याला गटोपचार म्हणणं हे धोकादायक आहे. निवड काळजीपूर्वक करावी, प्रत्येक मुलाला आधी एकट्याला भेटावं, ग्रुप घ्यायला दोघांनी बसावं, आणि ते हसू कुठे जातंय याकडे एकाचं लक्ष सतत असावं.

भावबंधाच्या नावावर याहून भयंकर गोष्टीही घडल्या आहेत. २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला, तिचा नव्या आईशी बंध जुळावा म्हणून, चादरीत गुंडाळून उशांनी दाबून धरण्याचा ‘पुनर्जन्म’ नावाचा उपचार दिला गेला. त्यात ती गुदमरून गेली. पुढच्याच वर्षी त्या राज्याने अशा उपचारावर कायद्याने बंदी घातली. मुलाला जबरदस्तीने धरून ठेवणं, त्याचा प्रतिकार मोडणं, त्याला उपाशी ठेवून शरण आणणं यांपैकी काहीही आपल्याकडे कुणी ‘अटॅचमेंट थेरपी’ म्हणून शिकवायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

पुराव्यांबाबत वाचकाला अंधारात ठेवणार नाही. स्वतःला इजा करून घेणाऱ्या किशोरांच्या गटोपचाराची २००१मध्ये इंग्लंडमध्ये ६३ मुलांवर चाचणी झाली आणि निकाल आशादायक आला. दशकभराने ३६६ मुलांवर तीच पद्धत तपासली, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा तिचा जास्तीचा फायदा दिसला नाही. डेन्मार्कमध्ये आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायला शिकवणाऱ्या गटोपचाराची चाचणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. तीही नेहमीच्या उपचारांहून सरस ठरली नाही. ही संशोधनं रुग्णालयात येणाऱ्या, बहुतांशी घरात राहणाऱ्या मुलांवरची आहेत, बालगृहातल्या मुलांवरची नाहीत. तरी त्यांच्याकडे डोळेझाक करून ग्रुप म्हणजे रामबाण असा प्रचार मी करणार नाही. ग्रुपसोबत शाळा, पुरेशी झोप, न बदलणारे काळजीवाहक आणि गरज असेल तिथे मनोविकारतज्ज्ञ हे सगळं लागतं.

एक कायद्याची गोष्ट पहिल्याच दिवशी मुलांना सांगायला हवी. ‘इथलं इथेच राहील’ हे पूर्ण खरं नसतं. पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. गुप्ततेचं खोटं वचन देऊन मुलीकडून सगळं काढून घ्यायचं आणि मग दुसऱ्या दिवशी पोलीस आणायचे, हा तिच्या दृष्टीने आणखी एका मोठ्या माणसाने केलेला दगा. ‘तुझ्या जिवाला किंवा शरीराला कुणी धोका केला असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल, पण कुणाला आणि कधी सांगणार ते आधी तुला सांगेन’ एवढं वचन देता येतं आणि पाळताही येतं. शब्द कसे वापरावेत याचे नमुने तिसऱ्या प्रकरणात दिले आहेत.

शेवटची तीन प्रकरणं ग्रुप संपवण्यावर आहेत आणि काही वाचकांना ती लांबलेली वाटतील. मी ती मुद्दाम लांबवली आहेत. बाल कल्याण समितीच्या आदेशाने मूल एका दिवसात दुसऱ्या संस्थेत जातं, ताब्यात घेणारे नातेवाईक अचानक उगवतात, अठरावं लागतं आणि ट्रंक उचलून बाहेर पडावं लागतं. बाल न्याय अधिनियम, २०१५मध्ये अठरा ते एकवीस वयाच्या तरुणांसाठी पश्चात सेवेची तरतूद आहे, त्यासाठीच अनुरक्षणगृहं आहेत. पण ग्रुपचं काय होणार याचा विचार त्या कागदांत नसतो. म्हणून ग्रुप सुरू करतानाच समितीला, अधीक्षकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला लेखी विनंती करावी, की ग्रुपमधलं मूल हलवायचं असेल तर निदान एका बैठकीची सवलत द्यावी. ती मिळतेच असं नाही. मिळाली तर काय करावं, ती बैठक कशी घ्यावी, उरलेल्या मुलांशी काय बोलावं, आणि गेलेल्या मुलाला पुढच्या आठवड्यात कुणी आणि कुठल्या नंबरवर फोन करावा, हे दहाव्या प्रकरणापासून सविस्तर दिलं आहे. ज्यांना सगळं पुस्तक वाचायला वेळ नाही, त्यांनी तिथून सुरुवात केली तरी हरकत नाही.